चौतीस माणसांचं कढत पाणी

‘तुमच्या धंद्यातलं काही गमतीचं लिहा’ असं संपादकांचं पत्र आलं. गंमत भरपूर आहे. चिटगुप्प्याच्या चन्नप्पांच्या बॉयलरची गोष्ट मी लग्नाच्या मांडवात, एस.टी.च्या रांगेत, पाहुण्यांच्या ओट्यावर इतक्यांदा सांगितली आहे की आता लोक मधूनच पुढचं वाक्य म्हणतात. पण सांगताना तिच्यातला माझा भाग मी नेहमी गाळत आलो. आज पन्नाशी उलटली आहे. या वेळी तो भाग घालून लिहितो. हसू कमी आलं तर वाचकांनी माफ करावं.

मी मोठ्या घरांना गरम पाण्याचे नळ लावून देणारा मिस्त्री. जन्म खटकचिंचोळीचा, धनगराच्या घरातला. वडलांनी मेंढरं राखली. मी हैदराबादेत एका गिरणीच्या बॉयलरवर कोळसा ओढता ओढता नळ, आटे आणि वायसर शिकलो आणि पोलीस ॲक्शननंतर परत येऊन चिटगुप्प्याला दुकान टाकलं. आमच्या भागात तेव्हा गरम पाणी म्हणजे न्हाणीतल्या चुलीवरचा हंडा. नळ फिरवला की कढत पाणी येतं, हे ऐकून लोक विचारायचे, “मग आत जाळ कोण घालतंय?”

कामाची रीत साधी आहे. गच्चीवर गार पाण्याची टाकी. टाकीतून एक नळी खाली येऊन बॉयलरच्या बुडात शिरते. खाली जाळ. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं आणि माथ्याच्या नळीनं न्हाणीत जातं. विहिरीचं पाणी टाकीत चढवायला हातानं दांडा मारायचा पंप. झालं. अवघड असतं ते बॉयलर निवडणं, आणि ते अवघड गिऱ्हाईक करतं. मोठ्या घरचा धनी आधी घराची लांबी-रुंदी सांगतो, मग खोल्या मोजतो, मग सागवान कुठून आणलं ते सांगतो. खोल्या काही आंघोळ करत नाहीत. मिस्त्रीनं एकच विचारावं: सकाळी एका तासात किती माणसं न्हाणार?

चन्नप्पांच्या घरात या प्रश्नाचं उत्तर होतं, सगळी. डाळीची आणि गुळाची अडत, तीन भाऊ, त्यांच्या बायका, लेकरं, नोकरमाणसं धरून चौतीस डोकी. घर बसवण्णांना मानणारं. प्रत्येकाच्या गळ्यात लिंग. आंघोळ झाल्याशिवाय पूजा नाही, आणि पूजा झाल्याशिवाय तोंडात घास नाही. म्हणजे चौतीस माणसं रोज पहाटे उपाशीपोटी न्हाणीच्या दारात रांगेत. अशा घराला मी तांबटाकडचे दोन मोठे तांब्याचे बंब जोडायचं सुचवलं.

“बंब?” चन्नप्पा म्हणाले. “बंब तर गुरवाच्या घरी बी हाय, मिस्त्री. मी घर बांधायलोय का धर्मशाळा?”

धाकटे भाऊ कॉलेजात जाऊन आले होते. ते म्हणाले, “अण्णा, विजेचा घ्या. जाळ न्हाई, धूर न्हाई.”

“वीज कुठाय?”

“येणारच हाय की.”

“मग लेकरं तवर पारोशी ठेवायची व्हय रे?”

जहागिऱ्या नुकत्याच गेल्या होत्या आणि हैदराबादेतल्या नवाबांच्या ड्योढ्यांमधलं सामान बाजारात आलं होतं. झुंबरं, बग्ग्या, आरसे. चन्नप्पा एका सकाळी गेले आणि तिसऱ्या दिवशी ट्रकवर एक विलायती बॉयलर घेऊन आले. उभा, काळा, पोटावर पितळी पट्टी, तिच्यावर कुणालाच न वाचता येणारी अक्षरं, आणि कपाळावर पाणी किती तापलं ते दाखवणारं काट्याचं घड्याळ. त्या घड्याळाला पाहूनच चन्नप्पांनी तो घेतला होता. मी आत हात घालून माप घेतलं. तो बॉयलर होता एका नवाबाचा. नवाब दिवसा अकराला उठायचा आणि एकटा न्हायचा. पाणी दहा माणसांचं.

हे मी चन्नप्पांना सांगायला पाहिजे होतं. त्यांनी दाराशी हार-नारळ घेऊन माणसं उभी केली होती. मी म्हणालो, “माल पक्का हाय, अण्णा.” आणि बॉयलरच्या मागं भिंत उचलून तिच्याआड तांबटाचे दोन बंब गुपचूप बसवले, नळ्या एकमेकींत जोडल्या. चौतीस माणसं त्या बंबांवर न्हायली. गावातून माणसं विलायती बॉयलर बघायला यायची. चन्नप्पा घड्याळावर बोट ठेवून सांगायचे, “इथं कळतंय सगळं.” काटा बारा महिने एकाच जागी होता.

हे माझं पहिलं खोटं. कुणाचं काही बिघडलं नाही, उलट सगळे खूश. खोट्याची चटक अशीच लागते.

दुसरं खोटं चन्नप्पांच्या आईजवळ बोललो. शांतव्वा. सगळे त्यांना अव्वा म्हणत. सत्तरीच्या, बारीक, पाठीत वाकलेल्या. नळ बसवून झाले त्या दिवशी त्या न्हाणीत आल्या, तोटीवर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “बिरप्पा, माझ्या भावाच्या घरी सोलापुरात नळ हाय. त्यात म्हणं चामड्याची चकती असतीय. ह्यात कुठं चामडं न्हाई न्हवं?”

चन्नप्पा मागून हसले. “अव्वा, शेतावरची मोट कशाची हाय? चामड्याचीच की.”

“मोटंचं पाणी उसाला जातंय, चन्नू. माझ्या लिंगाला न्हाई.”

आता खरं काय ते सांगतो. नळांतल्या चकत्या मी रबराच्या घातल्या होत्या, ट्रकची जुनी ट्यूब कापून. पण पंपात दांड्याच्या टोकाला एक वाटी असते. तीच पाणी वर ओढते. ती त्या काळी चामड्याचीच असायची, दुसऱ्या कशाची टिकत नसे. म्हशीचं जाड कातडं भिजवायचं, लाकडी साच्यात दाबून वाटी करायची, वाळवायची आणि तेल पाजायचं. घरात येणारा पाण्याचा प्रत्येक थेंब त्या वाटीतून वर येणार होता. तिला चरबी लावतात. मी मुद्दाम एरंडेल लावलं होतं. माझ्या सचोटीची मजल तेवढीच.

“न्हाई अव्वा,” मी म्हणालो. “सगळं लोखंड, पितळ आन् रबर.”

“धनगराचं लेकरू खोटं बोलत न्हाई,” अव्वा सुनेला म्हणाल्या. “ह्याला हुग्गी वाढ.”

गव्हाची हुग्गी, वर तूप. मी दोनदा घेतली.

ती वाटी केली होती हणमंतानं. आमच्याकडं जोडे शिवणाऱ्याला समगार म्हणतात. हणमंता समगार माझ्याच गावचा, माझ्याच वयाचा. लहानपणी आम्ही एकाच ओढ्यात पोहलो, तो खालच्या अंगाला, मी वरच्या. चिटगुप्प्याच्या बाजारात लिंबाखाली तो बसे. चन्नप्पांच्या घरचे जोडे, बैलांचे पट्टे, शेतावरची मोट, सगळं त्याच्याकडं. चारचौघांत तो मला ‘मिस्त्री, तुमी’ म्हणे, एकटे असलो की ‘बिरू’. वाटी देताना म्हणाला होता, “कुणाच्या घरची?”

“चन्नप्पाच्या.”

“बग बाबा. त्या आडाला माझी सावली चालंना, आन् माझं चामडं रोज आत बुडी मारणार.” आणि तोंडभर हसला.

चन्नप्पांनी विहिरीवर शहाबादी फरशा टाकून तोंड बंद करून टाकलं होतं. वर पंप. नव्या घराला उघडी विहीर शोभत नाही म्हणून. पोहरा टाकायची जागासुद्धा ठेवली नाही. पंप बिघडला तर पाणी कुठून काढणार, हेही मी त्यांना विचारायला पाहिजे होतं.

वर्षभर सगळं ठीक चाललं. मग एका सकाळी मला बोलावणं आलं. अव्वा देवघराच्या दारात उभ्या होत्या. डावा तळहात पुढं केलेला. त्या हातावर लिंग ठेवून त्या रोज वरून पाण्याची धार धरत. लिंगाशेजारी हातावर एक काळा, लिबलिबीत, नखाएवढा तुकडा होता.

“हे काय रे, बिरप्पा?”

वाटी झिजून तिचा कपचा टाकीतून नळात उतरला होता. मागं चन्नप्पा, दोन्ही भाऊ आणि भावांची पोरं. 

“चामडं, अव्वा.”

“कुठून आलं?”

“पंपातून.”

“कुणी घातलं?” चन्नप्पांनी विचारलं.

यावर मी जे उत्तर दिलं, त्याबद्दल पुढची कित्येक वर्षं कुणाशी बोललो नाही. मी म्हणालो, “वाटी हणमंतानं केलेली हाय.”

बघा, यात खोटं एक अक्षर नाही. चन्नप्पा तडक बाजारात गेले. भर बाजारात हणमंताला म्हणाले, “आमच्या घरात चामडं घुसडतोस?” तो माझ्या दुकानाकडं बघत राहिला. मी दुकानाच्या आत नळ्यांना आटे पाडत होतो. दिवसभर आटे पाडले, गिऱ्हाईक एकही नव्हतं. त्या दिवसापासून चन्नप्पांच्या घरचं काम त्याच्याकडून गेलं, आणि चन्नप्पांचं बघून आणखी पाच घरांचं.

इकडं घरात मोठा पेच पडला. वर्षभर चामड्याचं पाणी लिंगावर पडलं, आता काय? घरचे स्वामी आले. स्वामी दर महिन्याला चार दिवस मुक्कामाला असत, आणि त्यांना त्या न्हाणीतलं कढत पाणी फार आवडे. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि निर्णय दिला. पंपातली चामड्याची वाटी काढून टाका. ज्या नळातून कढत पाणी गेलं, तो अग्नीनं शुद्ध आहे. गार पाण्याच्या नळांना विस्तव लागलेला नाही, ते बंद.

झालं. गार नळांना फडकी बांधली. ही गोष्ट पौषातली. पुढं चैत्र आला, मग वैशाख. आमच्याकडचा वैशाख ज्यांनी पाहिला नाही त्यांना काय सांगू. लाल मातीवर कावळे चोच वासून बसतात. त्या उन्हात चौतीस माणसं कढत पाण्यानं न्हायची आणि न्हाणीतून बाहेर येईपर्यंत पुन्हा घामानं भिजायची. गरम पाणी गार करावं तर गार पाणी अशुद्ध. लेकरं न्हाणीतून रडत बाहेर यायची. चन्नप्पा शर्टाची बटणं उघडून पंखा हलवत लोकांना सांगायचे, “आपल्या बॉयलरची ताकदच तशी हाय.”

एक माणूस मात्र तो निर्णय मानेना. अव्वा. त्या दिवसापासून त्या पहाटे मठाच्या आडावर जायच्या, स्वतः पाणी शेंदायच्या आणि एक घागर कमरेवर घेऊन परत यायच्या. तेवढ्यात आंघोळ, तेवढ्यात पूजा. सुनांना हात लावू देत नसत. वाट माझ्या दुकानावरून. मी दुकान उघडायचो तेव्हा त्या परतत असायच्या. दर चार पावलांवर थांबायच्या, घागर भिंतीला टेकवायच्या, श्वास घ्यायच्या. मला बघून म्हणायच्या, “काय बिरप्पा, बरं हाय न्हवं?” बस्स. एक शब्द वावगा नाही. मी दुकान उशिरा उघडायला लागलो.

पंपात आता मी ट्यूबच्या रबराची वाटी घातली होती. ती पंधरा दिवसांत फाटायची. मग दुसरी. मग कॅनव्हासची, मेण लावून. एकदा सायकलच्या सीटचं काहीतरी. मी पंपाशी अशी झुंज घेत असताना बसवजयंती आली.

चन्नप्पा त्या वर्षी उत्सवाचे मुख्य. सकाळी मिरवणूक, मग त्यांचं भाषण, विषय ‘सगळी माणसं समान’. घरात चौतिसांच्या जोडीला वीसेक पाहुणे. स्वामी ओट्यावर टॉवेल खांद्यावर टाकून तयार. आणि पहिल्याच चार माणसांनंतर पंपातून फस्स आवाज आला. वाटी फाटली. टाकी कोरडी.

मी उघडून पाहिलं, हात वर केले. “अण्णा, रबर संपलं. आन् रबर टिकणार बी न्हाई.”

नऊ वाजले, दहा वाजले. आंघोळ नाही म्हणून पूजा नाही, पूजा नाही म्हणून घास नाही. चुलीवर पुरणाच्या पोळ्यांचा ढीग वाढत होता आणि पन्नास माणसं त्याचा वास घेत बसली होती. पाहुण्यांतला एक जण म्हणाला, “मठाच्या आडावरून घागरी आणा की.” चन्नप्पांनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो गप्प झाला. विलायती बॉयलरच्या घरातली माणसं घागरी घेऊन गावातून जाणार? बाहेर ताशे वाजायला लागले. पारोशा तोंडानं चन्नप्पा माझ्याजवळ आले.

“चामड्याचीच पायजे व्हय?”

“व्हय.”

“तर मग जा, आणा त्याला. मागच्या दारानं.”

हणमंता लिंबाखाली होता. मी समोर उभा राहिलो. बोलायच्या आधीच त्यानं शेजारच्या मातीच्या टोपल्यात हात घातला आणि भिजलेली वाटी वर काढली.

“पाडव्यापासून भिजायलीय. रबरावर किती दिस काढशील, बिरू?”

“चल लवकर. लोक उपाशी हायत.”

“मी बी हाय, चार महिने.” त्यानं वाटी पुन्हा पाण्यात ठेवली. “मी येणार. पुढच्या दारानं. वाटी मी बसवणार, माझ्या हातानं. आन् ती पहिली वाटी कुणी सांगितली व्हती, ते तू बोलायचास. सगळ्यांम्होरं.”

मी हो म्हणालो. वाटेत मी वाक्यं जुळवत होतो. हैदराबादेत काम शिकतानाही एवढी तयारी केली नव्हती.

पुढच्या दारात त्याला पाहून चन्नप्पांच्या कपाळावर आठी आली, पण आतून पोळ्यांचा वास आला आणि आठी गेली. अंगणात सगळे जमले. अव्वा देवघराच्या उंबऱ्याशी. मी हात जोडले. चार महिने छातीत धरलेलं एकदम बाहेर आलं. “अण्णा, अव्वा, चामड्याची वाटी मीच करायला सांगितली व्हती. पंप तिच्याशिवाय चालत न्हाई, हे मला ठावं व्हतं. मी खोटं बोललो. हणमंताची काही चूक न्हाई. दोष माझा हाय.” 

“बरं, बरं,” चन्नप्पा म्हणाले. “ते नंतर बघू. पाणी किती वेळात येईल?”

“आणि मग तापायला?” स्वामींनी विचारलं.

एवढंच. कुणी एक शिवीसुद्धा दिली नाही. मी कबुलीचं एवढं ओझं उचलून आणलं आणि ते ठेवायला अंगणात कुणी जागाच दिली नाही. हणमंताचं तोंड मात्र कठीण झालं होतं. तो खाली बसला, पंप उघडला, दांडा बाहेर काढला, फाटकं रबर फेकून दिलं आणि वाटी बसवली. मग वर पाहिलं.

“वरून पाणी वतावं लागतंय. वाटी भिजल्याबिगर खालचं पाणी धरत न्हाई. तांब्याभर न्हवं, घागरभर.”

घरात पाणी नव्हतं. पन्नास माणसं एकमेकांकडं बघायला लागली. आणि देवघरातून अव्वा बाहेर आल्या. कमरेवर त्यांची घागर. सकाळच्या गडबडीत त्यांची स्वतःची पूजा राहिली होती.

“अव्वा, ते पूजेचं हाय,” चन्नप्पा म्हणाले.

अव्वा हणमंतासमोर येऊन थांबल्या. “कुठं वतू, लेकरा?”

त्यानं पंपाच्या तोंडावर ओंजळ धरली. अव्वांनी घागर कलती केली. पाणी त्याच्या हातांवरून आत गेलं. एका हातानं तो दांडा हलवायला लागला. तीन वेळा कोरडा आवाज आला, चौथ्यांदा जड, आणि मग वरच्या नळीत पाण्याची धाव ऐकू आली. लेकरं ओरडली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. न्हाणीच्या दारात ढकलाढकली सुरू झाली.

स्वामींनी पुन्हा डोळे मिटले. पूजेच्या पाण्यानं न्हालेलं चामडं शुद्ध झालं, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे पंप शुद्ध, गार नळही शुद्ध. गार नळांची फडकी सुनांनी तेव्हाच सोडली.

हणमंता हत्यारं पुसत होता. म्हणाला, “चामडं शुद्ध झालं, स्वामी. आन् मी?”

स्वामी काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात आतून कुणीतरी हाक मारली, पाणी तापलं. स्वामी टॉवेल सावरत आत गेले.

हणमंतानं पिशवी खांद्याला लावली. “वर्षभर टिकंल, मिस्त्री,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “मग मलाच बलवावं लागंल. ह्याच दारानं.” आणि तो पुढच्या दारानं गेला. मिरवणूक दुपारी तीनला निघाली. समानतेचं भाषण मी ऐकलं नाही, पण चांगलं झालं म्हणतात. हणमंता मिरवणुकीत नव्हता.

सगळे न्हाणीत आणि पंगतीत गेल्यावर मी अव्वांजवळ गेलो. त्या रिकामी घागर घेऊन पायरीवर बसल्या होत्या. मी पायांवर डोकं ठेवलं. म्हणालो, “अव्वा, माझ्यामुळं तुमाला रोज आडावर जावं लागलं. माफ करा.”

“उद्यापासून न्हाई जाणार,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं, सुटलो. 

“तुला बरं वाटावं म्हणून न्हवं. गुडघे दुखायलेत माझे.” त्यांनी घागर उपडी केली, तिच्यावर हात टेकून उठल्या. “आन् ते तुझं खोटं, बिरप्पा, ते तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. मला कशाला द्यायलास?”